खाली असतो त्याचा शब्द

दि. ९ ऑक्टोबर, गुरुवार
दुपारचे दोन

चि. सौ. मनीस,
अनेक आशीर्वाद. चिमणीला गोड पापा.

मी बरा आहे. डावा गुडघा सोडला तर तक्रार नाही. जेवतो वेळेवर, गोळ्या घेतो, गॅस दोनदा बघून मगच बाहेर पडतो. परवा रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो, कारण बंद केलाय की नाही ते आठवेना. बंद होता. तिथून पुन्हा जायचा कंटाळा आला, म्हणून भाजी राहिली.

शेजारचे टेम्पोवाले उद्या सकाळी माल घेऊन तुमच्या बाजूला येतायत, त्यांच्या हाती हे पत्र देतोय. पेटीत टाकू नका, मुलीच्या हातात द्या, असं बजावलंय. ते हसले. म्हणाले, "काका, किती वेळा सांगाल, मला पाठ झालं." माझं शिक्षण तुला माहीत आहे, सहावी पास आणि सातवीला बसलोच नाही. आधी पत्र लिहिलं की तुझी आई वाचून दुरुस्त करायची आणि वर म्हणायची, "हे पत्र आहे की कारखान्याची नोटीस?" आता जसं लिहीन तसं वाच.

दाराचं आधी लिहितो.

काल फोनवर मी एवढंच बोललो की तुमच्या गॅरेजच्या दाराला हात लावू नको. तू म्हणालीस, "बघते." तुझं ते 'बघते' मी तू फ्रॉक घालत होतीस तेव्हापासून ओळखतो. म्हणून लिहून देतोय.

मोटरची पिन भिंतीतून उपटून ठेव. नुसतं बटण बंद करून भागत नाही, चिमणीचा हात बटणाला पोचतो आणि रिमोट कुठे आहे ते तिला तुझ्याआधी ठाऊक असतं. दार तुझ्या छातीइतकं वर जाऊन अडकलंय म्हणालीस. म्हणजे वाकलं की खालून जाता येतं, आणि तीच भीती आहे. जायचं नाही. सायकल काढायला नाही, चेंडू गेला म्हणून नाही, मांजर आत शिरलं म्हणून नाही. बाहेरच्या बाजूला दोन खुर्च्या लांब लांब ठेव आणि मध्ये दोरी बांध, म्हणजे दूधवाला किंवा आणखी कोणी चुकून शिरणार नाही. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दरवाजाला कुलूप लाव आणि किल्ली तुझ्याजवळ ठेव, खिळ्याला अडकवू नको.

दाराच्या वर आडव्या दांड्यावर दोन स्प्रिंगा असतात. दाराचं वजन त्या पेलतात, मोटर नुसती ढकलते. एका स्प्रिंगेत दोन बोटं फट पडलेली दिसेल, ती तुटलेली. लांबूनच बघ. दुसरी धड दिसते म्हणून तिच्यावर भरवसा टाकू नको. तिच्यात पीळ भरलेला असतो, सुटली तर हात मोडेल. कडेची तार सैल लोंबत असेल तर तिलाही शिवू नको. हे काम मिस्त्रीचं, त्याच्याकडे पीळ सोडवायच्या सळया असतात.

आणि मोटरच्या दांड्याला लोंबते ती लाल दोरी ओढायची नाही. दार पूर्ण खाली टेकलेलं असेल तर गोष्ट वेगळी. अर्ध्यात अडकलेलं असताना त्याला फक्त मोटरच्या दांड्याने धरून ठेवलेलं असतं. दोरी ओढली की तो दांडा सुटतो आणि दार खाली येतं. ते सावकाश येत नाही.

तू फोनवर विचारलंस, "लाल दोरी ओढली की सुटतं ना बाबा? तुम्ही त्या दिवशी तसंच केलं होतं ना?" त्यावर मी खोकलो आणि फोन ठेवला. मला खोकला झालेला नाही.

रविवारी सामान घेऊन येतेस म्हणालीस, चिमणीला घेऊन, कायमची. वरची खोली मी झाडून घेतली. खिडकीला जाळी बसवावी म्हणून माप घेतलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. वर्षभरात इतकं बरं वाटलं नव्हतं. घरात आणखी कोणाच्या तरी चपला दारात दिसतील, कोणीतरी म्हणेल की बाबा टीव्हीचा आवाज कमी करा. मापाचा कागद हातात घेऊन जिन्यात बसलो तो तासभर उठता आलं नाही. गुडघ्यामुळे नव्हे.

मने, वर दाराबद्दल जे लिहिलंय त्यातला एक शब्दही माझा नाही. ते सगळं मला जावयांनी सांगितलं होतं. तुझी आई ज्या दिवशी दाराखाली सापडली त्याच दिवशी, सकाळी अकरा वाजता, फोनवर.

तुला मी हे कधी सांगितलं नाही. आता क्रमाने सांगतो.

त्याच्या आदल्या वर्षी तुम्ही दोघं आला होतात तेव्हा आमच्या दाराची एक स्प्रिंग गेली होती. जावयांनी मिस्त्रीला हाताशी घेऊन नवी बसवली. ते म्हणाले, "बाबा, दुसरीही बदलून टाकू. दोघी एका वयाच्या आहेत, हिचंही आयुष्य संपत आलंय." मी म्हटलं, चांगली आहे की, कशाला काढायची. ते पुन्हा म्हणाले. मी म्हटलं, "तीस वर्षं कारखान्यात प्रेसवर काढलीत मी, मला स्प्रिंग शिकवू नका." तुझी आई चहा घेऊन आली होती, तिने जावयांना सांगितलं, "जाऊ द्या. यांनी घड्याळ उघडलं की दोन स्क्रू उरतात, आणि ते म्हणतात की कंपनीनेच जास्तीचे घातले होते." सगळे हसले. जुनी स्प्रिंग राहिली.

त्या दिवशी तुटली ती जुनी. जावयांनी बसवलेली नाही. ती आजही दांड्यावर आहे, धड आहे.

सकाळी दार वर जाताना बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला आणि ते अर्ध्यात थांबलं. गाडी आत. तुझ्या आईला चार वाजता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, तीन महिन्यांनी मिळालेली वेळ. मी जावयांना फोन केला. मी तुला वर जे लिहिलंय ते सगळं त्यांनी सांगितलं, पिनेपासून दोरीपर्यंत, आणि म्हणाले, "मी संध्याकाळी मिस्त्रीला घेऊनच येतो. आईंना रिक्षाने न्या. तुम्ही फक्त लांब राहा." मी हो हो म्हटलं. फोन ठेवला आणि मला राग आला. काल आलेला माणूस मला लांब राहा म्हणतो. तुझी आईसुद्धा म्हणाली, "रिक्षाने जाऊ ना, गाडीला काय सोनं लागलंय?" मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे, तू फक्त फळी धर.

माझा हिशोब असा होता की एक स्प्रिंग आहे, म्हणजे निम्मं वजन पेललं जाईल. दोरी ओढून मोटर सोडवायची आणि दार हाताने वर ढकलायचं. तोवर ते खाली येऊ नये म्हणून दोन्ही कोपऱ्यांना फळ्या लावायच्या. डाव्या बाजूला फळी बरोबर बसली. उजवीकडची चार बोटं आखूड पडली, म्हणून तिच्याखाली वीट ठेवायची होती. ती वीट तुझी आई ठेवत होती. वाकून, कोपऱ्याखाली. मी आत स्टुलावर, दोरी हातात.

कारखान्यात आमचा एक नियम होता. प्रेसखाली, यंत्राखाली जो माणूस असेल तो सांगेल तेव्हाच वरच्याने खटका ओढायचा. साहेब आला तरी ओढायचा नाही, खालचा झोपला असला तरी ओढायचा नाही. खाली असतो त्याचा शब्द. मी तीस वर्षं तो पाळला. माझ्या हाताखाली एका माणसाचं नख गेलेलं नाही. त्याबद्दल मला निरोपाच्या दिवशी चार लोकांसमोर शाबासकी मिळाली, तो फोटो तू पाहिलायस.

घरात मी तो कधी पाळला नाही. शिडीवर चढताना, पलंग सरकवताना, माळ्यावरून पेटी उतरवताना ती नेहमी म्हणायची थांबा, आणि मी नेहमी म्हणायचो की तुझं थांबा संपलं की सांग.

त्या दिवशी ती म्हणाली, "थांबा हो, वीट हलतेय."

मी ऐकलं. घाई नव्हती, गोंगाट नव्हता, पंखासुद्धा बंद होता. नीट ऐकलं आणि दोरी ओढली.

डावीकडची फळी टिकली. उजवीकडची उडाली आणि दार तिरकं होऊन कोपरा खाली आला. पुढचं तुला माहीत आहे. अकरा दिवस दवाखान्यात होती. तिला बोलता आलं नाही. माझ्याकडे बघायची, आणि मी उशी नीट करण्याच्या निमित्ताने मागे जाऊन उभा राहायचो.

दुसऱ्या दिवशी तू दवाखान्यात धावत आलीस ते त्या लांब व्हरांड्यातून. "बाबा, कसं झालं?" म्हणालीस. माझ्या तोंडून निघालं, "जावयांनी बसवलेली स्प्रिंग." पुढे वाक्य मी पुरं केलंच नाही. तुटली असंही म्हटलं नाही. तूच ते पुरं केलंस, आणि मी तुला करू दिलं. जावई तुझ्या मागेच उभे होते. आदल्या संध्याकाळी ते मिस्त्रीला घेऊन घरी गेले होते. त्यांनी वर पाहिलं होतं, कोणती तुटली ते त्यांना दिसलं होतं. फरशीसुद्धा त्यांनीच धुतली. मी वाट बघत होतो की आता बोलतील. ते बोलले नाहीत. नंतर जिन्यात मला गाठून म्हणाले, "बाबा, मनी आत्ता मोडलेली आहे. आईंचं निभावू दे, मग तुम्हीच तिला सांगा. मी सांगितलं तर ती मला खोटा समजेल."

मग आई गेली. मी सांगितलं नाही. ते एकदा येऊन गेले, दोनदा फोन केला, दाराचा विषय काढला नाही. फक्त म्हणाले, "बाबा, काही बोलायचं आहे का?" मी म्हटलं, पाण्याचा पंप आवाज करतो. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

परवा तू म्हणालीस, "त्याचं मी का ऐकू? त्याच्या हाताने माझी आई गेली." शनिवारी ते कामावरून परत यायच्या आत गाडी बाहेर काढून ठेवायची असंही म्हणालीस. त्यांनी तुलाही फोनवरून सांगितलंय ना, हात लावू नको म्हणून? मला जे सांगितलं होतं तेच सांगितलं असेल, त्याच शांत आवाजात. मी नाही ऐकलं. तू ऐक.

शनिवारी ते आले की हे पत्र त्यांना वाचायला दे. दार ते आणि मिस्त्री बघतील, दोन्ही स्प्रिंगा बदलायला सांग. दुरुस्त झाल्यावर गाडी काढायची की नाही ते तू ठरव. यायचं असेल तर ये, घर तुझं आहे. पण माझ्या खोट्यावर बसून येऊ नको. तुमच्या दोघांत आणखी काही असेल तर ते तुमचं. हे एक मात्र माझं होतं, ते मी तुमच्या घरात ठेवून दिलं होतं.

लोकांना काय सांगायचं तेही तूच ठरव. मावशीला मी आज फोन करून सांगतोय. हे पत्र बंद केलं की लगेच, नाहीतर हात मागे जाईल.

उद्या पत्र मिळाल्यावर एक फोन कर. मला काही विचारू नको, दोष द्यावासा वाटला तर दे, नाही वाटला तर नको देऊ. फक्त एवढं सांग की पिन काढली आणि कुलूप लावलं. तेवढं बोलून ठेवून दिलास तरी चालेल. मी फोनजवळ आहे.

खाली 'तुझे बाबा' असं दोनदा लिहिलं आणि खोडलं. अक्षर तू ओळखशीलच.