सुतारपक्ष्याचा आवाज

नाशिक, ३ फेब्रुवारी २०२५

चि. सुयोग,
ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलणं झालं तरी पत्र लिहायची माझी खोड जात नाही. तुझ्या लेकीने, जुईलीने, आपलं ‘सुतारपक्ष्याचं दुकान’ इंटरनेटच्या कुठल्याशा अडगळीतून शोधलं, आणि चालूही केलं! कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत बसून आपण त्या अकरा कार्टून-गोष्टी केल्या. चित्रं आणि आवाज माझा, बाकी सगळी खटपट तुझी. पक्षी खुर्ची बनवतो आणि गिऱ्हाईक यायच्या आत टोचून टोचून तिचा पाय मोडतो. परवा बघताना मी एकटीच हसत होते. जुईलीने ते इंटरनेटवर जिथे परत टाकलंय, तिथे कुणी तरी विचारलंय म्हणे, हा आवाज कुणाचा?

बंद का केलं, असं जुईलीने विचारलं. बघणारे अभिप्राय लिहायचे त्या गेस्टबुकात ‘एक जाणकार’ या नावाने कुणी तरी लिहिलं होतं, की या बाईंनी निदान तोंड उघडू नये. तेच तिला सांगितलं. मेला कोण होता कोण जाणे! आता बारावी गोष्ट करायला घेतलीय. थंडीत कानटोपी घालत जा, लोक हसले तरी.

तुझी,
चारूताई


खैतान, कुवेत, १९ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सुयोगचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आठ दिवस खिशात घेऊन जाब्रियाच्या लॅबमध्ये कामाला जातोय. तीनदा फोन लावला आणि तू उचलल्यावर हवापाण्याचंच बोललो. शेजारचे कासमभाई सुट्टीवर मुंबईला निघालेत. त्यांच्या हाती हे देतो, म्हणजे परत घेता येणार नाही.

ताई, तो जाणकार मीच.

आपल्या गोष्टींबद्दल पेपरात चार ओळी आल्या, त्यात फक्त तुझं नाव होतं. आई ते कात्रण येईल त्याला दाखवायची. महिनोन्‌महिने मी इंटरनेटच्या त्या पानांशी झटलो होतो, मला कुणी विचारलं नाही. तुला स्वतःच्या आवाजाची लाज वाटते हे घरात फक्त मला ठाऊक होतं, म्हणून नेमकं तेच लिहिलं. वाटलं, दोन दिवस रुसशील. तू सगळंच बंद केलंस. त्या दिवशी तू जेवली नाहीस, तेव्हा मीच ताट घेऊन आलो आणि त्या माणसाला शिव्या घालत तुझी समजूत काढली. लिहिण्यापेक्षा मला त्या ताटाची जास्त लाज वाटते.

असं लिहिणारा माणूस भित्रा असणार, असं जुईली परवा इंग्रजीत म्हणाली. मी मान डोलावली.

माफी मागायलाही तोंड नाही.

तुझा,
सुयोग


नाशिक, ६ मार्च २०२५

चि. सुयोग,
आशीर्वाद.

कासमभाईंनी मुंबईहून पाठवलेलं पत्र मिळालं. मला कधीच संशय आला नव्हता. तुझ्यावर कसा येणार?

एकोणीस वर्षांच्या पोराचा मत्सर मी समजू शकते. पण जुईलीच्या बारशाला पाळणा म्हणायला मी नाही म्हटलं, तेव्हा तू शेजारीच उभा होतास. तेव्हा तरी सांगायचं होतंस.

तिला आता तूच सांग. मी सांगितलं तर तुझी सुटका होईल. आणि तिथे विचारणाऱ्यांना आपली दोन्ही नावं कळव. पेपरवाल्याला तुझं नाव सांगायचं माझ्या ध्यानात आलं नाही, ती चूक माझी.

बारावी गोष्ट काल पुरी झाली. आवाज मध्येच थरथरलाय, तसाच ठेवलाय.

लोभ आहे. तो वाढावा असं मात्र आज लिहवत नाही.

चारूताई