तासाभराची पाहुणी

बुधवार, ९ जुलै
सकाळचे अकरा

ती. काकूंना साष्टांग नमस्कार.

बाळ-बाळंतीण सुखरूप असतील. बाळाचं नाक कुणावर गेलंय ते कळवा. जावयांवर गेलं असलं तरी कळवा. इकडे सगळं ठीक. तुमच्या कुंड्यांना रोज पाणी घालते, दूधवाल्याला महिनाभर नको म्हणून सांगितलंय, फाटकाची कडी बसवून घेतली.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तुमचा आवाज ऐकला की माझी वाचा बसते. परवा संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "माझ्या कोंबड्या काय म्हणतात?" मी म्हणाले, "मजेत आहेत, चौघी मिळून रोज तीन अंडी." काकू, शनिवारपासून एकही अंडं नाही.

क्रमानेच सांगते, नाहीतर मी पळवाट काढीन.

घरटी सहाच कोंबड्यांचा नगरपालिकेचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही गेल्यावर बाजारात मला एक करडी आवडली आणि माझ्या सहाच्या सात झाल्या. नवी कोंबडी पंधरा दिवस वेगळी ठेवायची, हे तुम्हीच शिकवलंत. ठेवलीही होती, मोरीत, खोक्याखाली. पण चौथ्याच दिवशी मोजणीवाले साहेब गल्लीत शिरले आणि माझी पाचावर धारण बसली. तुमच्या खुराड्यात चारच, म्हणजे दोघींची जागा मोकळी. करडीला उचललं आणि भिंतीवरून तुमच्या चौघींत सोडलं. तासाभराचा तर प्रश्न! साहेबांनी माझ्या सहा मोजल्या, तुमच्या पाच मोजल्या, पाणी पिऊन गेले. करडीला परत आणलं आणि मी आपल्याच हुशारीवर खूश.

दोन दिवसांनी करडी शिंकायला लागली. पाठोपाठ माझी एक मान टाकून बसली. जनावरांचे डॉक्टर आले, म्हणाले, "मानमोडीची साथ दिसतेय. ही नवी आणखी कुणाच्या कोंबड्यांत मिसळली होती का?"

"छे हो, माझं अंगण सोडून कुठे जाणार ती!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यांनी माझ्या धडधाकट कोंबड्यांच्या डोळ्यांत लशीचे थेंब घातले आणि निघाले. तुमच्या चौघी भिंतीपलीकडे माती उकरत होत्या. एक शब्द बोलले असते तर त्यांनाही तेव्हाच थेंब मिळाले असते. मी साहेबांना नाही घाबरले, काकू. तुम्हाला कळेल, याला घाबरले.

सोमवारी सकाळी तुमची पांढरी गेली. 'मजेत आहेत' म्हणाले तो हाच दिवस. काल लंगडी गेली. दोघींना खोल खड्डा करून, चुना टाकून पुरलं.

आज सकाळी हवालदारीण. तिने मला एक दिवसही चोच मारल्याशिवाय खुराड्यात हात घालू दिला नव्हता. आज हात घातला, तर मारली नाही. मान उलटी वळवून कोपऱ्यात बसली होती. मला तिथेच रडू फुटलं. डॉक्टरांना बोलावून सगळं कबूल केलं.

"बाई, तेव्हाच बोलला असतात तर..." एवढंच म्हणाले. तांबडी अजून दाणे टिपतेय. तिला थेंब घातलेत, पण वाचेल की नाही ते आठवडाभर कळणार नाही. तिने नुसती मान झटकली तरी मी भिंतीशी धावते.

हवालदारणीचे हाल सुई देऊन थांबवायला हवेत, म्हणाले. कागदावर मालकाची सही लागते. "कोंबडी कुणाची?"

तुम्हाला फोन लावायला हवा होता. काका गेल्यावर त्या घरात तुमच्याशी भांडायला तीच एक उरली होती, हे मला माहीत आहे. माझ्याने फोन लावला गेला नाही. "माझी," म्हणाले आणि सही केली.

तुम्ही पंधरा दिवसांनी याल तेव्हा मी फाटकातच उभी असेन. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोला मला. फक्त काही न बोलता आत जाऊन दार लावू नका.

तुम्ही ठेवाल त्या नात्याने,
भिंतीपलीकडची