फुकटचा डबा आणि बोस्टनचा चहा

प्रिय समिधा,

मी ठणठणीत आहे. भाचेबुवांची परीक्षा कशी झाली?

तुझ्या वर्गातली मुलं विचारतात ना, चहा स्वस्त मिळत असूनही अमेरिकेतल्या वसाहती इंग्रजांवर का उलटल्या? इथे आखातात, अर्दियात, कंपनीने आमचं स्वयंपाकघर बंद करून फुकट डबा सुरू केलाय. शुक्रवारी आम्हा सगळ्यांसाठी बांगड्याचं तिखलं करणारा माझ्या खोलीतला कासम भडकला, "फुकट असेल रे, पण आपल्याला विचारलं कोणी?"

तेच गं! त्यांनाही न विचारताच चहावर कर लादला होता, म्हणून बोस्टनला त्यांनी तो चहा समुद्रात फेकला. त्यांचा अर्ज राजाने वाचलासुद्धा नाही. मग ते वेगळे झाले.

तुलना जरा मोठीच झाली, कळतं मला. पण स्वयंपाकघर परत मागणाऱ्या आमच्या अर्जावर मॅनेजर हसला, "गुपचूप जेवा!"

आता नव्या करारावर सही करणार नाही, नोकरी सोडून घरी येतोय. आईला मात्र तूच सांग, मला धीर होत नाही.

तुझा दादा,
सुदेश