घाटाची तयारी

२ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कारण, पिकअप. गाडीच्या प्रत्येक कामाची तारीखवार नोंद ठेवली की अडचणींना जागाच राहत नाही. अडचणी नोंदीअभावी येतात.
लेकीला नोकरी लागली. घाटापलीकडच्या गावात, दवाखान्याच्या लॅबमध्ये. १९ जानेवारीला हजर व्हायचं, म्हणजे ऐन बर्फात. जेवताना म्हणाली, "बाबा, सामान आपल्या पिकअपमधूनच नेऊ. आणि मी पुढे, तुमच्या शेजारी. लहानपणी बसायचे तशी." मी मान डोलावली. मग दोन भांडी पाणी प्यायलो. तिखट जास्त झालं असावं.
गाडी चोवीस वर्षांची, लेक तेवीसची. दोघींना मीच वाढवलं, असं म्हणालो. ही म्हणाली, एकीला मी वाढवलंय, दुसरी माझी सवत आहे.
अडीच महिने हातात आहेत. भरपूर.

३ नोव्हेंबर, सकाळ
यादी केली. सेल्फ. बॅटरी. ब्रेकचे लायनर. हीटर. वायपर. शेजारच्या सीटचा दरवाजा (आतून उघडत नाही). हौद्याचा मागचा फळका (बंद होत नाही). अशी एकूण तेरा कामं. रोज एक. म्हणजे पंधरा तारखेला गाडी तयार. पुढचे दोन महिने नुसता सराव.

३ नोव्हेंबर, संध्याकाळ
यादी चांगल्या अक्षरात पुन्हा लिहून काढली. आज एवढंच. पाया पक्का हवा.

८ नोव्हेंबर
मेहुणा आला. नवीन गाडी, सीट आपोआप गरम होतात. म्हणाला, भावोजी, भाचीला मी सोडून येतो, बर्फात तुम्ही कशाला त्रास घेता. त्याला वीस मिनिटं समजावलं. बिघडलं की फेका, जुनं झालं की विका, ही वृत्ती आधी वस्तूंच्या बाबतीत येते आणि मग माणसांच्या. ज्याने आयुष्यात एकही वस्तू शेवटपर्यंत दुरुस्त केली नाही, त्याला नाती काय सांभाळता येणार? मेहुण्याने सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, भावोजी, गाडी सुरू होते का?
मूळ मुद्दा सोडून बोलायची त्याला सवय आहे.

९ नोव्हेंबर
होत नाही. किल्ली फिरवली की एकदा खट् होतं, मग शांतता. बॅटरी उतरली आहे. उन्हाळ्यात गाडी फारशी काढली नव्हती. शरद ऋतूतही नाही. विश्रांती दिली होती.
दरवाजा हाती घेतला. तीन तास. आता बाहेरूनही उघडत नाही. निदान आत आणि बाहेर एकवाक्यता आली.
पाठ धरली आहे.

१६ नोव्हेंबर
मिस्त्रींना बोलावलं. आमच्या रस्त्याच्या टोकाला त्यांचं गॅरेज आहे. माणूस चांगला, पण बोलत नाही. एक वाक्य बोलतात आणि फडक्याला हात पुसतात. मुलगा माझ्याच शाळेत होता, म्हणून मला सर म्हणतात. बॅटरी बदलली, सेल्फ उघडून साफ केला, गाडी पहिल्या झटक्यात सुरू. हिला हाक मारून ऐकवलं. ती म्हणाली, ऐकू आलं, सगळ्या गल्लीला आलं.
निघताना मिस्त्री म्हणाले, सर, थंडी येतेय, कूलंट तेवढं बघून घ्या. मी हसलो. तीस वर्षं भाषा शिकवतोय. शब्दाला अर्थ असतो. कूल म्हणजे थंड. कूलंट म्हणजे थंड करणारं. ऐन हिवाळ्यात, जिथे इंजिन तापावं म्हणून आपण धडपडतो, तिथे ते थंड करणारं द्रव्य घालायचं? मिस्त्री काहीतरी सांगायला लागले, पण मी शब्दाची फोड पुरी केल्याशिवाय थांबत नाही. फोड पुरी होईपर्यंत त्यांचे हात पुसून झाले होते. गेले.
कारागिरांनी थोडं वाचायला हवं. सुचवेन कधीतरी.

१७ नोव्हेंबर
भयंकर. रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत पाणी हिरवंगार. शेवाळ! किती वर्षांचं असेल कोण जाणे. खालचा नळ सोडून सगळं बादलीत काढलं. तीनदा धुतलं. चौथ्यांदा पाणी आरशासारखं. मग स्वयंपाकघरातलं गाळलेलं, उकळून गार केलेलं पाणी भरलं. हिने विचारलं, गाडीला ताप आलाय का?
यादीत नसलेलं काम केलं. याला दृष्टी म्हणतात. आज खरंच समाधान आहे.

२९ नोव्हेंबर
वाचनालयात माझं भाषण. विषय, 'दुरुस्ती: एक जीवनमूल्य'. श्रोते चौदा. त्यांतले दोघे हीटरपाशी बसायला आले होते, पण टाळ्या त्यांनीही वाजवल्या. एका बाईंनी डोळे पुसले. "जो सांधतो तोच जोडतो" या वाक्याला दाद मिळाली.
जाताना मेहुण्याच्या गाडीतून गेलो, कारण पिकअपच्या वायपरचं काम बाकी आहे. गाडी कोपऱ्यावर उभी करायला सांगितली. तिथून चालत गेलो.

७ डिसेंबर
पहिला बर्फ. सराव फेरी, टेकडीच्या पायथ्यापर्यंत. हीटरमधून गार वारा येतो. आतून काचेवर वाफ धरते. डाव्या हाताने काच पुसायची, उजव्याने स्टिअरिंग. गिअर टाकायची वेळ आली की प्रश्न पडतो.
घरी आल्यावर बोटं वाकेनात. हिने कपभर गरम पाणी हातात दिलं. काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला कळतं, पण मी न कळल्यासारखं दाखवतो. संसार असाच टिकतो.

१४ डिसेंबर
बर्फात घसरू नये म्हणून चाकांना बांधायच्या साखळ्या आणल्या. सोबतच्या कागदावर लिहिलंय, 'साखळ्या चालत्या चाकांना बांधाव्यात.' गाडी चालते तेव्हा चारही चाकं चालतात. भाषांतर गचाळ. रस्त्याला आधी भिडतात पुढची चाकं, म्हणून पुढे बांधल्या. दोन तास लागले. मिस्त्री गॅरेजकडे चालले होते. थांबले. म्हणाले, सर, जोर मागच्या चाकांना असतो. आणि गेले.
सोडून मागे बांधल्या. आणखी दोन तास. बर्फात गुडघे टेकून.
चालती म्हणजे जोर असलेली! मग तसं लिहा ना.

२८ डिसेंबर
शाळेला आठवडाभर सुट्टी. गाडीसाठीच राखून ठेवली होती. पहिले तीन दिवस सर्दी. चौथ्या दिवशी नट-बोल्टचे पाने शोधले. बारा नंबरचा सापडला नाही. पाचव्या दिवशी सापडला. हिच्या शिलाईच्या डब्यात. तिने नाडी ओवायला वापरला होता. त्यावर थोडं बोलणं झालं. सहावा दिवस त्यात गेला.
यादीतली चार कामं झाली. तेरातली चार. पण चार महत्त्वाची. उरलेली नऊ मिळून फार तर तीन कामांएवढी आहेत.

५ जानेवारी
लेकीने सामान बांधायला काढलं. अकरा खोकी, गादी, आरामखुर्ची, दोन मोठ्या कुंड्या. सामान कुठे कसं रचायचं याचा हौद्याचा नकाशा मी काढला. तिने नकाशात आमच्या दोघांची जागाही काढली. मी चष्म्यासकट. ती जिभेचं टोक बाहेर काढून. लहानपणी चढावर गाडीला जोर लावायची तशी.
ही स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, मामाला सांगून ठेवू का, आपलं असावं म्हणून? मी म्हणालो, पर्याय ठेवणं ही माघारीची पहिली पायरी आहे. ती म्हणाली, मग पायरीवर बसून राहा.

१० जानेवारी, सकाळ
रात्री उणे सोळा. सकाळी बॉनेट उघडलं. रेडिएटर मधोमध उकललेला. भेगेतून बर्फाची पांढरी जीभ बाहेर. इंजिनाच्या कुशीतलं पत्र्याचं एक बूच निसटून खाली पडलंय. भोकातही बर्फ.
घरात सांगितलं, किरकोळ आहे.

१० जानेवारी, संध्याकाळ
मिस्त्री आले. वाकून पाहिलं. बराच वेळ. मग विचारलं, "सर, हिरवं पाणी कुठे गेलं?"
मी सांगितलं, काढून टाकलं. शेवाळ होतं.
त्यांनी फडकं काढलं, पण हात पुसले नाहीत. मग एका दमात जेवढं बोलले तेवढं मी त्यांच्या तोंडून वर्षभरात ऐकलं नव्हतं. ते शेवाळ नव्हतं, कूलंटच होतं. उन्हाळ्यात ते इंजिन तापू देत नाही, हिवाळ्यात पाणी गोठू देत नाही. साधं पाणी गोठलं की फुगतं आणि लोखंडही फोडतं. नोव्हेंबरात हेच सांगायचं होतं, पण सर बोलत होते. शेवटी म्हणाले, "नावावर जाऊ नका हो सर." टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्याला उत्तर देता येतं.
इंजिन वाचलंय. रेडिएटर गेला. या मॉडेलचा नवा आता मिळत नाही. भंगारात शोधावा लागेल.

११ जानेवारी
विचारांती, चूक माझी नाही. नाव ठेवणाऱ्याची आहे. जे गोठू देत नाही त्याला थंड करणारं म्हणणं ही ग्राहकाची दिशाभूल आहे. संबंधितांना पत्र लिहिणार. मसुदा सुरू केला. पहिला परिच्छेद चांगला जमला.
आठ दिवस आहेत. पुष्कळ.

१४ जानेवारी
मिस्त्रींबरोबर भंगारवाल्यांकडे दोन फेऱ्या. मिस्त्रींच्या गाडीतून. रेडिएटर नाही. एकाने विचारलं, ही गाडी अजून कोणी चालवतं? मी म्हणालो, हो. त्याला बोलायला दोन-तीन चांगली वाक्यं सुचली होती. बोललो नाही. थंडी फार होती.

१६ जानेवारी
रेडिएटर सापडला. लांबच्या शहरात. कुरिअरने बावीस तारखेला येणार.
लेक अठराला निघणार.
हिने विचारलं नाही. मीच फोन उचलून मेहुण्याला लावला. तो एवढंच म्हणाला, "भावोजी, सकाळी आठला येतो." वर एक शब्द नाही. मोठा माणूस आहे, हे कबूल करायला हवं. इथे केलं. तोंडावर करण्याची गरज नाही.

१८ जानेवारी
मेहुण्याच्या गाडीत सीट आडव्या करून सामान बसवलं. तरी जेमतेम. पुढे मेहुणा आणि लेक. मागच्या एका सीटवर ही, मांडीवर कुंडी. मला जागा उरली नाही. मीच म्हणालो, उद्या शाळा आहे. शाळा परवापासून आहे.
खोकी चढवून झाल्यावर लेक दिसेना. बघतो तर पिकअपमध्ये. माझ्या बाजूने शिरून तिच्या सीटवर बसली होती. मी स्टिअरिंगपाशी बसलो. दोघांच्या श्वासाने काच पांढरी झाली. समोरचं काही दिसत नव्हतं. ती म्हणाली, बाबा, बरंच लांब आलो की. मी वरचा गिअर टाकला. 
मामाने हॉर्न दिला. मग मी उतरलो, ती माझ्या बाजूने उतरली. तिचा दरवाजा उघडत नाही. यादीत होता.
गाडी वळली. वळताना काचेतून तिची सीट चांगली ऊबदार दिसत होती.

२४ जानेवारी
रेडिएटर बसवला. बूच बसवलं. कूलंट भरलं, हिरवं. मिस्त्रींनी बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, सर, तुम्हीच ओता. ओतलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू. हीटरही चालू झाला. त्याच्या नळीत गाळ अडून गरम पाणी पोचत नव्हतं म्हणे.
हिला हाक मारणार होतो. नाही मारली. इंजिन चालू ठेवून वीस मिनिटं बसून राहिलो. आता गाडी उत्तम आहे. काय न्यायचं ते कळेना.

३० जानेवारी
लेकीचा फोन. काम आवडतंय. खोलीला खिडकी आहे, खिडकीतून घाट दिसतो. मी सांगितलं, गाडी नव्यासारखी झाली आहे, रविवारी तुला भेटायला येतो, घाट चढून. साखळ्या मागच्या चाकांना.  मग म्हणाली, "बाबा, बसने या. मला रविवारभर खिडकीशी उभं राहून घाटाकडे बघायचं नाहीये."
मी तिला समजावणार होतो. मुद्दे तयार होते. म्हणालो, बरं.
ही बाजूला भाजी निवडत होती. म्हणाली, बस सात दहाला आहे.

२ फेब्रुवारी, सकाळ
बस. खिडकीची जागा. रोजनिशी सोबत घेतली आहे. घाटातलं प्रत्येक वळण, चढ, बर्फ कुठे साचतो, गाडी कुठे बाजूला घेता येईल, सगळं नोंदवणार. पुढच्या हिवाळ्यासाठी. वळण क्रमांक एक.

२ फेब्रुवारी, दुपार
लेकीच्या खोलीवर. तिने चहा केला आहे.
वळण क्रमांक एकच्या पुढे नोंद नाही. बसमध्ये फार ऊब होती. पेन हातात तसंच राहिलं. जाग आली तेव्हा बस थांबली होती, सगळे उतरले होते, आणि कंडक्टर माझ्या खांद्याला हात लावून म्हणत होता, बाबा, उतरा, तुमची मुलगी खाली उभी आहे.
घाट कधी गेला, कळलंच नाही.