हात शेकायचं पाणी

१० नोव्हेंबर
कनीजची कंबर कशी आहे? नंदाच्या सासूच्या डोळ्याचं काय झालं? तेजलचा ताप उतरला का? — आमच्या शेठचा, इद्रीसभाईंचा, दुबईहून फोन. आजारपणामुळे लेकीकडे राहायला गेले, तरी कोळंबी सोलणाऱ्या एकेकीची चौकशी. मी म्हटलं, सगळं बरं आहे. दुसरं काय सांगणार? आजारी माणसाच्या जिवाला घोर नको.

१२ नोव्हेंबर
बर्फातली कोळंबी सोलून बोटं बधिर होतात. म्हणून इद्रीसभाईंनी दारात गरम पाण्याचं तपेलं ठेवलेलं. बायका घटकाभर हात बुडवायच्या, त्यांना तोंडावर बोलायच्या, ते उलट बोलायचे. भांडी एकत्र आली की वाजायचीच!
आता कारखाना त्यांचा मुलगा तहा बघतो. "भिवाकाका, काम थांबतं" — तपेलं गेलं.
आज नंदा म्हणाली, "मुकादम, जिभेला काय झालाय तुमच्या? सांगा की त्याला."

१३ नोव्हेंबर
सांगितलं. तहा वाईट नाही, माझ्या कडेवर खेळलेला. चहा पाजला. "तक्रार असेल तर बटण दाबू देत ना काका. त्यासाठीच तर मशीन आणलं."
दारातली ती पेटी — एक हसरं तोंड, एक रडकं. वर कॅमेरा.

२० नोव्हेंबर
सगळ्यांनी हसरं दाबलं. तहाने पेढे वाटले. "बघा काका, सगळ्या खूश." नंदानेही घेतला. "गोड हाय," म्हणाली. बस. भांडली नाही.
मला मात्र रात्री जेवण गेलं नाही.

२६ नोव्हेंबर
नंदा गेली. हातखंब्याला एका खानावळीत चपात्या लाटते. जाऊन आलो.
"जास्त देतात काय गो?"
"कमीच."
"मग?"
"मालकीण शिव्या घालते काका. पण नाव घेऊन घालते."
"परत येशील?"
"कोणाकडे?"
तिने गरम चपाती दिली, ती खाल्ली नि निघालो.

२८ नोव्हेंबर
कनीजही.

४ डिसेंबर
तेजल गेली. बायकांना आणणारी गाडी अर्धी रिकामी. आत फक्त बर्फाच्या मशीनची घरघर. पूर्वी इतक्या बडबडायच्या की मी ओरडायचो. आता ओरडायचं कोणावर? ज्या उरल्यात त्या मान वर करत नाहीत. मीही आताशा कोणाला विचारत नाही, बरी आहेस का म्हणून.

९ डिसेंबर
तहाने केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं, मोबाइल उपडा ठेवला. चेहरा उतरलेला. "भिवाकाका, खरं सांगा. बायका का जातात?"
इतके दिवस याच प्रश्नाची वाट बघत होतो.
"माहीत नाही, शेठ," म्हटलं. त्याला शेठ पहिल्यांदाच म्हटलं.
घरी आलो. पोटभर जेवलो.