हॅस्केल फार्मचा शिक्का

४ ऑक्टोबर
अखेर बिऱ्हाड लागलं. घर लहान, पण मागच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की समोर हॅस्केल फार्मची दगडी भिंत. गाई कधीच गेल्या, आता तिथे गावाची बाग आहे. जुनं शेतघर मात्र कुलूप लावून तसंच ठेवलंय. ऑरिनने आणि मी आज तिथला डबा शोधला. आम्हा नवरा-बायकोचं हे जुनं वेड: कुणीतरी लपवलेला डबा खुणांवरून हुडकायचा, त्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला स्वतःचा डब्यातल्या वहीत, आणि डबा होता तसा झाकून ठेवायचा. कोठाराकडे पाठ करून मोठ्या मेपलपर्यंत जायचं, तिथला सैल दगड उचलायचा. ऑरिन उजव्या हातातली काठी टेकत पुढे. म्हणाला, डेला, जन्मभर माझ्या बुटांच्या ठशांवरून भांडलीस आणि आता स्वतःच ठसे मारत हिंडतेस.

७ ऑक्टोबर
डब्यातला रबरी शिक्का पार झिजलाय. या डब्याची देखभाल करणाऱ्या व्हर्नाबाईंनी नवा कोरायचं काम माझ्या गळ्यात घातलं. चित्र तेच, शेतघर आणि त्याची वरची खिडकी. खिडकी रिकामीच ठेव हो बाई, असं दोनदा बजावलं. का, तर म्हणे तिथे बसवलेला माणूस उठत नाही. म्हातारीला चेष्टेची भारी हौस.

९ ऑक्टोबर
शिक्का झाला. रिकामी खिडकी कशीतरीच दिसत होती, म्हणून तिथे नखाएवढा ऑरिन कोरला, टोपी आणि काठीसकट. शिक्क्यावर सगळं उलटं कोरावं लागतं, तेच नेमकं घाईत विसरले. ठशात काठी डाव्या हातात आली. ऑरिन म्हणाला, मला डावखुरा केलंस ना, आता सूप सांडलं तर बोलायचं नाही. हसत हसतच डबा जागेवर ठेवून आलो.

१० ऑक्टोबर
सकाळी त्याने काठी डाव्या हातात घेतली. मला वाटलं, चिडवतोय. पण कॉफीचा कपही डाव्याच हातात. कोटाची बटणं दुसऱ्या बाजूला गेली आहेत. मी ती हलवलेली नाहीत.

१३ ऑक्टोबर
दिवसभर शेतघराकडे तोंड करून बसतो. जेवायला बोलावलं तर म्हणतो, तिथून नीट दिसेल. आज नेहमीसारखा त्याच्या छातीला कान लावला. धडधड उजवीकडून येत होती.

१५ ऑक्टोबर
व्हर्नाबाईंना सगळं सांगितलं. रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. पूर्वी एकीने तिथे भावाला कोरलं होतं. मग घाबरून पात्याने खरवडून काढलं. भाऊ इथेही उरला नाही, तिथेही नाही. तू खरवडू नकोस, एवढंच म्हणाल्या. मग काय करू, ते त्यांनाही ठाऊक नाही.

१६ ऑक्टोबर
ऑरिन घरात नाही. काठी दाराशीच – धावत मेपलपाशी गेले. शिक्का उमटवून पाहिला. खिडकीत चेहरा आलाय. मी चेहरा कोरलाच नव्हता. वर शेतघराच्या खिडकीकडे पाहिलं – टोपी. हाका मारल्या. शेतघराच्या दाराचं कुलूप गंजलेलं, तसंच –

१७ ऑक्टोबर
मेपलखाली बसलेय. हातात पातं. त्याला खरवडणार नाही. शिक्क्यावरच्या खिडकीत त्याच्या शेजारी जागा आहे, तिथे स्वतःला कोरतेय – त्याच्याशी जुळावी म्हणून तशीच, न उलटवता. अंबाडा झाला. चष्मा झाला. पेन डाव्या हातात कधी गेलं –

आता फक्त हात, त्याच्या मोकळ्या हातात द्यायचा. झालाच –

गरम आहे त्याचा हात. मेपल आता खिडकीतून खाली दिस