बासष्ट झाडांचं पाणी

बोरगाव (सौसर)
ता. ८ डिसेंबर २०२५

ती. मोठे बाबा आणि ती. मोठी आई यांना
सुचिताचा सा. जय भीम. वि. वि.

सहा तारखेला घरी यायचं ठरवलं होतं, पण आमच्या कुलसचिवांनी नेमकी त्याच दिवशी बैठक ठेवली आणि त्यातले दोन तास समोशांवर घालवले. फोन केला तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मोठी आई सगळ्याला हो हो करून फोन ठेवून देते. म्हणून पत्र. तुमच्याशी भांडायलाही आता पोस्टाचं तिकीट लागतं.

ज्या बगिच्यात तुम्ही तीस वर्षं सालाच्या बोलीवर सालदार होता, त्याच जागेवर आमचं विद्यापीठ उभं आहे, हे मी इथे कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगावं लागणार. मुलींच्या हॉस्टेलमागे त्या बगिच्यातली बासष्ट संत्र्याची झाडं अजून उभी आहेत. जानेवारीत हरित परिसराच्या तपासणीला बाहेरून समिती येणार आहे. कुलसचिवांना ही झाडं काढून तिथे सोलरचं छत असलेलं पार्किंग करायचं आहे. ते म्हणतात, झाडांना पाणी आणायचं कुठून? तीन बोअरपैकी एक आटली, दुसरी नुसती घरघर करते. उरलेलं पाणी मुख्य इमारतीसमोरचं लॉन पिऊन टाकतं. मुलींना सकाळी एक तास नळ येतो.

हरित समितीत मी एकटीच काम करते, बाकीचे फोटोत असतात. मी हट्टाने लिहून दिलं की झाडं तोडून विद्यापीठ हिरवं होत नाही, झाडांच्या पाण्याची सोय मी करून दाखवते. सोय झाली तर झाडं राहतील, नाहीतर फेब्रुवारीत जेसीबी. मी अतिथी विद्वान, म्हणजे कंत्राटी प्राध्यापक, माझीच मुदत मार्चपर्यंत. म्हणून जरा जास्त जोरात बोलले असेन.

मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या पंचफुलाबाई सांगत होत्या का बगिच्यात मोठी विहीर होती म्हणे, पण त्या कधी आत गेल्या नाहीत. आमच्या नकाशात विहीर नाही. जुने मालक वारले. मोठे बाबा, तुम्हाला ठाऊक असणारच. कुठे होती ती?

चहात साखर कमी टाका. माझ्यावरची माया मात्र कमी करू नका.

तुमची
सुचिता

---

पांढुर्णा
ता. १४ डिसेंबर २०२५

चि. सुचितास
शालिकरामचे अ. आ. व जय भीम.

पत्र पोचलं. तुझी मोठी आई म्हणते का पोट्टी वाळून राहिली असन, तिले लिहा आधी जेवत जाय. मी म्हटलं, ती आता झाडांची डॉक्टरीण झाली, तिला जेवण कसं सुचेल?

बासष्ट राहिली म्हणतेस. तीनशेच्या वर होती. जेसीबी आली त्या दिवशी मी रस्त्यावर उभा होतो, पण शेवटपर्यंत थांबणं झालं नाही. मी समजत होतो की एकही उरलं नाही. तुझं पत्र वाचल्यापासून घरात पाय टिकत नाही. नदी ओलांडून सावरगावला जातो, परत येतो, पुन्हा निघतो. लोक विचारतात, काही हरवलं का?

पाण्याची चिंता तू आत्ता करू नको. हे दिवस झाडाला पाणी द्यायचे नाहीत, पाणी तोडायचे आहेत. अंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, घ्यायचा तर ताण द्यावा लागतो. चाळीस दिवस एक थेंब द्यायचा नाही. पानं मलूल होतील, पिवळी पडतील, चौथाई गळतील, तुझा जीव खालीवर होईल. तरी देऊ नको. ताण अर्ध्यात मोडला तर झाड नुसता पाला काढतं, फूल धरत नाही. चाळीस दिवसांनी बुंध्याभोवती आळी करून शेणखत टाक आणि पाणी सोड. पुढच्या पंधरा-वीस दिवसांत झाड पांढरं होईल, वास हॉस्टेलच्या खिडकीत शिरेल. मग कोण जेसीबी आणतो पाहू.

विहिरीचं पुढे कधी लिहीन. जुनी गोष्ट आहे.

वेळेवर जेव. दोन ओळी का होईना, लिहीत राहा.

शालिकराम

---

बोरगाव
ता. २ जानेवारी २०२६

ती. मोठे बाबांना
सा. जय भीम. वि. वि.

तुमच्या शब्दाखातर अठरा डिसेंबरपासून झाडांचं पाणी बंद केलं. आज सोळावा दिवस. आणि काल कळलं, समिती पंधरा जानेवारीला येणार. म्हणजे ताणाच्या ऐन मध्यात! तुम्ही तारीख विचारली नाही, मी लिहिली नाही. आपल्या घरात झाडाचं नाव निघालं की कॅलेंडर कोणाला दिसत नाही.

झाडं पाहवत नाहीत हो. पानं आत वळली आहेत, खाली पिवळा सडा पडला आहे. काल कुलसचिव पार्किंगच्या ठेकेदाराला घेऊन आले. माझ्यासमोरच त्याला म्हणाले, बघा, मॅडमनीही हात टेकले. मी ताण समजावून सांगायला लागले तर ते घड्याळ पाहू लागले. वर्गात सांगितलं तर निम्म्या मुली हसल्या. मॅडम झाडं मारून राहिल्या, असं त्या आपसात बोलतात. हे मला एकीनेच येऊन सांगितलं.

चार रात्री नीट झोपले नाही. सकाळी उठून आधी झाडांकडे धावते, मग चूळ भरते. आता पाणी देऊ का? लगेच कळवा. आणि विहीर कुठे होती तेही. मी दुसऱ्यांदा विचारते आहे. समिती पाण्याची सोय विचारणार, आणि माझ्याकडे दाखवायला पिवळ्या पानांशिवाय काही नाही.

रागावून लिहिलं असेल तर पोटात घाला.

सुचिता

---

पांढुर्णा
ता. ६ जानेवारी २०२६

चि. सुचितास
अ. आ. व जय भीम.

देऊ नको. आता दिलंस तर दोन्हीकडून गेलं, समिती येईपर्यंत पानही फुटणार नाही आणि पुढे फूलही धरणार नाही. समितीच्या लोकांना झाडाजवळ ने, नखाने साल जराशी खरवडून दाखव. आत हिरवं निघेल. त्यांना सांग, झाड मेलं नाही, ते थांबलं आहे. ज्याला शेतीतलं कळतं त्याला एवढं पुरे, आणि ज्याला कळत नाही त्याला कितीही सांगून उपयोग नाही.

तारीख मी विचारायला पाहिजे होती. ती चूक माझी.

विहिरीचं पुन्हा विचारतेस. तुझी मोठी आई दोन दिवसांपासून माझ्यावर रागावली आहे. म्हणते का पोरगी जीव तोडून विचारून राहिली आन् तुमी गप कायले बसले? जेवायला बसतो आणि अर्ध्यावर उठतो. लिहायला घेतो आणि कागद फाडतो. हाही तिसरा कागद आहे.

स्वतःला जप.

शालिकराम

---

बोरगाव
ता. १९ जानेवारी २०२६

ती. मोठे बाबा आणि मोठी आई यांना
सा. जय भीम. वि. वि.

ताण मोडला. मी नाही मोडला, पण मोडला.

दहा तारखेला झाडांखालची माती ओली दिसली. मला वाटलं पाइप फुटला. मग कळलं, हॉस्टेलच्या मुली. त्यांना वाटलं मॅडमचं डोकं फिरलं, झाडं मरायला टाकली. त्यांनी झाडं वाटून घेतली. प्रत्येकीची दोन. आंघोळीचं, कपडे खंगाळलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं आणि मी वर्गात गेले की नेऊन ओतायचं. एका तासाच्या नळातलं पाणी, मोठे बाबा! मी खूप ओरडले. त्या ऐकून घेत होत्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतत होत्या. एक तर म्हणाली, मॅडम, तुमचं पुस्तक राहू द्या, झाड तहानलेलं दिसून राहिलं ना!

समिती आली तेव्हा कुलसचिवांनी आधी लॉन दाखवलं. अध्यक्षबाई त्याच्या कडेने चालत सरळ मागे आल्या. एकतीस मुली बादल्या घेऊन निघाल्या होत्या. त्यांना मी आहे की नाही हे बघायलाही वेळ नव्हता. बाईंनी एकीला थांबवून पाणी कुठलं ते विचारलं आणि तिथेच उभ्या राहून लिहू लागल्या. मी साल खरवडून दाखवली. आत हिरवं निघालं. तुम्ही म्हणालात तसंच.

अहवाल काल आला. लॉन निम्मं करा, हॉस्टेलचं सांडपाणी गाळून झाडांना द्या, असं त्यात लिहिलं आहे. मी नाचणारच होते. मग शेवटची ओळ वाचली. एप्रिल ते जून मुली सुट्टीवर असतील, तेव्हा या झाडांना पाणी कुठून देणार ते पंधरा दिवसांत लेखी कळवा, अन्यथा पार्किंगला हरकत नाही. कुलसचिवांनी ती ओळ माझ्यासमोर दोनदा वाचली.

तुमचा बहार गेला याचं वाईट वाटतं. तुम्ही फुलांच्या वेळी याल असं मनात धरलं होतं. मुलींवर रागावू नका. हवं तर माझ्यावर रागवा.

तिसऱ्यांदा विचारते. सांगायचं नसेल तर तसं लिहा, मी पुन्हा विचारणार नाही.

तुमचीच
सुचिता

---

पांढुर्णा
ता. २३ जानेवारी २०२६

चि. सुचितास
शालिकरामचे अनेक आ. व जय भीम.

तुझं पत्र तुझ्या मोठ्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं. मुलींच्या बादल्यांपाशी चष्मा काढून ठेवला. तिने पाणी आणून दिलं, मग पुढचं वाचलं.

बहार गेला तो जाऊ दे. तीस वर्षं मी ताण दिला तो मालकाने सांगितला म्हणून, पाणी सोडलं तेही त्याने सांगितलं म्हणून. झाड तहानलेलं दिसलं एवढ्यासाठी त्या बागेत कोणी कधी तांब्याभर पाणी टाकलं नव्हतं, मी पण नाही. त्या पोरींना एक शब्द बोलू नको.

आता विहिरीचं. बागेच्या उत्तरेच्या शेवटच्या ओळीपासून वीस पावलांवर आहे. वर दगडी फरशा आणि त्यावर हातभर माती. जमीन विकायच्या आधी मालकाने माझ्याकडूनच ती झाकून घेतली, पोरंसोरं पडतील म्हणून. भर मे महिन्यातही तिला दोन पुरुष खोल पाणी असायचं. तुम्ही बोअर कशाला पाडत बसला?

तुला हे पहिल्याच पत्रात लिहिता आलं असतं. लिहिलं नाही, कारण ती विहीर मला आठवायची नव्हती. रोज तिच्यातून तीनशे झाडांना पाणी दिलं, पण मला हात फक्त पाणी खेचायच्या इंजिनाला लावायची परवानगी होती. तहान लागली की मालकीणबाई वरून ओंजळीत पाणी ओतायच्या. मोठ्या मनाच्या होत्या, गूळही द्यायच्या. तुझा बाप, माझा धाकटा भाऊ, लहान असताना एकदा त्याने दोराला हात लावला, तर दुसऱ्या दिवशी मालकाने सगळी विहीर उपसून घेतली. उपसली मीच. फरशा टाकल्या त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. वाटलं, आता कोणालाच नाही. झाडांनाही नाही. तेच मनात धरून मी तुला ताणात गुंतवून ठेवलं आणि तू तिकडे रात्री जागत होतीस. याची मला लाज वाटते, पोरी.

समितीला लेखी कळव की पाणी आहे. माझं नाव घाल, सालदार म्हणून घाल. रविवारी सकाळच्या गाडीने मी येतो आणि जागा दाखवतो. फावडी आणि चार माणसं तयार ठेव, एक लांब दोर आणि एक बादली आण. पोरींनाही बोलाव. झाडांना त्यांनीच द्यावं. पण विहिरीतली पहिली बादली मी माझ्या हाताने काढीन आणि आधी मी पिईन, हे सगळ्यांना आताच सांगून ठेव.

मोठ्या आईचा आशीर्वाद. ती पण येते म्हणते.

शालिकराम